येसूबाय पाट लावायचं म्हणते

आमच्या पडवीला जमीन नव्हती, पाट होते.

आमचं गाव दहिवलीच्या पुढं, नदीच्या अंगाला. लोकांनी घरं बांधली ती वर, सपाटीला. आमचे धनी म्हणाले, आपण उतारावर बांधू, वारा येतो. वारा आला, पण दारासमोर कमरेइतका खड्डा राहिला. त्यात भर घालायची तर अर्धा डोंगर आणावा लागला असता. त्या वेळी माथेरानात कुठल्याशा साहेबाचा बंगला मोडत होते. धन्यांनी तिथून जाड लाकडी कड्या आणि सागाच्या फळ्या उतरवल्या, खड्ड्यात खांब रोवले, खांबांवर कड्या टाकल्या आणि कड्यांवर फळ्या ठोकल्या. एकेक फळी इतकी रुंद की माणसानं मांडी घालून जेवायला बसावं. म्हणून मी त्यांना कुणाला फळ्या म्हणू दिलं नाही. "फळ्या शाळंत असतात. आमच्याकडं पाट हायेत," असं आल्यागेल्याला सुनवायची. गावाच्या तोंडातही तेच बसलं. येसूबायचे पाट. कुणाची मुलगी बघायची असली तरी लोक विचारायचे, तुमच्या पाटांवर बसू का?

धनी गेले, त्यानंतर पाट गजा सांभाळायचा. गजा माझा एकुलता. दर वर्षी मिरग लागायच्या आधी तो पडवीला पेंढ्याच्या ताट्या बांधायचा, म्हणजे पावसाची झड आत यायची नाही. मग एका भातलावणीत बांधावर त्याला फुरसं चावलं. आणखी काही लिहीत नाही. घरात मी राहिले आणि त्याची बायको जया राहिली. पोरबाळ झालेलं नव्हतं. ताट्या बांधायला कुणी उरलं नाही. दोन बायका शेत बघतील की ताट्या बांधतील? दोन पावसाळे पाण्यानं पाट खाल्ले.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात जया हंडा घेऊन येत होती. पडवीवर पाऊल टाकलं आणि मांडीपर्यंत खाली गेली. हंडा घरंगळत माझ्या पायाशी आला.

"आत्याबाय, मी पडले."

"दिसतंय मला. आंधळी नाय मी. पाय हाय का जागेवर?"

"हाय."

"मग हंडा चेपला का ते बघ."

ती तशीच, एक पाय खड्ड्यात, एक पाय पाटावर, हसायला लागली. मला राग आला आणि हसूही आलं. वर ओढली तेव्हा पायाला हे एवढं खरचटलेलं. हळद दाबताना मी तिला शिव्या देत होते आणि ती ऐकत होती. माझ्या शिव्यांचं तिला कधी काही वाटलं नाही. गजा असताना तो म्हणायचा, आईनं शिवी दिली नाय तर समजायचं ती आजारी हाय. ते जया पहिल्या महिन्यातच शिकली.

माझ्यासारख्या तोंडाच्या बाईजवळ असं माणूस टिकलं, ही माझी श्रीमंती होती. मी ते तिला बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवायची आमच्यात रीत नाही.

नागू सुताराला बोलावलं. तो हातोडीनं ठकठक करत कडेनं फिरला. कुठं ठक वाजे, कुठं भद. भदच जास्त.

"काकी, कड्या चांगल्या हायेत. पाट गेले. सगळे काढावे लागतील."

"सगळे?"

"ठेवायचे तर ठेवा. आज सून गेली, उद्या तुमी जाल."

"माझ्या जाण्याची तुला लई घाई."

"तुमी गेलात तर मला शिव्या कोण देईल?" असं म्हणून त्यानं पहार घेतली.

आता नव्या फळ्या हव्या होत्या. जयाचा भाऊ नवशा खोपोलीजवळ शिळफाट्याला लाकडाच्या वखारीत कामाला. त्याच्याकडं निरोप धाडायचा म्हटलं तर माझी जीभ जरा अडली. त्याला कारण होतं. आदल्या वर्षी तो आला होता. चहा पिऊन झाल्यावर खाली बघत म्हणाला, "मावशी, जया बावीस वर्षांची हाय. तुमची हरकत नसंल तर तिचा पाट लावून देतो." आमच्यात विधवेचं पुन्हा लग्न करतात, त्याला पाट लावणं म्हणतात. करतात, पण आमच्या घराण्यात कधी केलं नव्हतं. मी त्याला कप धुवायला लावला आणि वाटेला लावला. म्हटलं, "पुन्यांदा हा शब्द घेऊन माझ्या दारात आलास तर चहा नाय, उकळतं पाणी मिळंल." जया तेव्हा गोठ्यात होती. तिनं ऐकलं की नाही, मी विचारलं नाही.

पण वखार दुसरी ओळखीची नव्हती, आणि भाऊ तो भाऊ. सुकी मासळी, सोडे घेऊन रमजानभाई आमच्या गावात यायचा. कर्जतच्या बाजूनं फिरून गाडीनं खोपोलीला जायचा. त्याच्याजवळ मी निरोप दिला. मासळीचा भाव करता करता दिला, आणि तो माझ्या डोक्यात आजही जसाच्या तसा आहे.

"नवशाला सांग, येसूबाय पाट लावायचं म्हणते. आता थांबून चालायचं नाय. गाडी घे, चार माणसं घे आणि सोमवारी ये."

"सांगतो," रमजानभाई म्हणाला. "सोड्यात मूठभर वाढवू?"

त्या भल्या माणसानं एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही.

सोमवारी सकाळपर्यंत नागूनं सगळे पाट उपटून अंगणात रचले होते. वरून बरे दिसत होते. उलटे केले की भुसा. पडवीच्या जागी नुसत्या कड्या राहिल्या, शिडी आडवी टाकल्यासारख्या, आणि खाली खड्डा. आम्ही मागच्या दारानं ये-जा करत होतो. मी उंबऱ्यात बसून नागूला कुठला खिळा सरळ करायचा ते सांगत होते. तेवढ्यात बैलगाडी आली. बैलांच्या शिंगांना गोंडे. मी म्हटलं, लाकडं आणायला गोंडे कशाला बांधले या शहाण्यानं?

गाडीतून नवशा उतरला. एक म्हातारा उतरला, तो जयाचा चुलता. एक उंचशी बाई, आणि पांढरा सदरा घातलेला एक बाप्या. लाकडाचा तुकडा नाही. म्हटलं, माल मागच्या गाडीत असेल. नवशा खड्ड्याच्या पलीकडं उभा राहिला, मी उंबऱ्यात. मध्ये कड्या.

"आणलास का रं?" मी विचारलं.

नवशानं मान खाली घातली. "आणलाय, मावशी. तुमी बघून घ्या. पसंत पडला तर पुढं."

"कुठला हाय?"

"खालापूरच्या अंगाचा."

"कीड-बीड?"

"छे छे. निरोगी हाय. काय वाईट खोड नाय."

"खोड चांगलं असलं म्हंजे झालं. कोरा हाय ना? वापरलेला मला नको, आधीच सांगते."

नवशा घुटमळला. पांढऱ्या सदऱ्याकडं बघितलं. "तसं एकदा झालंय त्याचं, मावशी. बायको बाळंतपणात गेली. पोर पण नाय वाचलं."

नागूची हातोडी थांबली.

मला कळलं तेव्हा आधी संताप आला, आणि तो कुणावर काढावा हे ठरेना. रमजानवर? त्यानं माझाच शब्द पोचवला. नवशावर? वर्षापूर्वी ज्या बाईनं ह्या शब्दासाठी हाकललं, तिचाच निरोप आला की पाट लावायचं म्हणते, माणसं घेऊन ये. त्यानं काय समजावं? साऱ्या मुलखात पाट म्हणजे पाट. पडवीच्या फळ्यांना पाट म्हणणारं घर एकच, आणि म्हणायला लावणारी मीच.

मी तोंड उघडलं. म्हणणार होते, अरे गाढवा, फळ्या मागितल्या मी, नवरा नाय.

तेवढ्यात मागून जया आली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. ती माझ्या पुढं येऊन बसली आणि माझे दोन्ही पाय धरले. डोकं पायांवर टेकलेलं, पाठ हलत होती.

"आत्याबाय," म्हणाली, "मला वाटलं नव्हतं, तुमी माझा इचार कराल."

गजा गेला तेव्हाही ती माझ्यासमोर अशी रडली नव्हती. तीन वर्षं माझ्याबरोबर शेण काढलं, भाताचं आवण खणलं, माझ्या शिव्यांवर हसली, आणि आतून ही असली वाट बघत होती, हे मला ठाऊकच नव्हतं. बरं, ती माझ्यावर रुसून वाट बघत असती तर मी सोडवून घेतले असते पाय. तिला वाटत होतं, मी दिलं. मी मायेनं दिलं.

"पण काकी," नागू म्हणाला, "आपण तर फळ्या..."

"नाग्या, तू खिळं सरळ कर. मोठ्या माणसांत तोंड घालू नको."

नागू माझ्याच वयाचा. त्यानं पुढचा खिळा उचलला.

मग मी जयाला उठवलं आणि नवशाला म्हटलं, "आता उभा काय ऱ्हायलास? पावणे उन्हात हायेत. मागच्या दारानं घे त्यांना."

पाहुणे मागच्या पडवीत बसले. त्या बाप्याचं नाव विठू. उंच बाई त्याची आई, सोनुबाई. विठूला मी समोर बसवलं आणि एकच गोष्ट विचारली.

"राग आला की काय करतोस रं?"

तो विचारात पडला. मग म्हणाला, "शेतावर जातो."

"आणि शेतात काम नसलं तर?"

"तरी जातो."

माझा नाइलाज झाला. वाईट निघाला असता तर किती बरं झालं असतं. मोडायला निमित्त मिळालं असतं.

सोनुबाईनं रीत सांगितली. पाटाची नवरी अंधाऱ्या पक्षात, रात्री, मागल्या दारानं न्यायची. सवाष्णीच्या नजरंला पडता नये. पहिल्या घरचं सोनंनाणं पहिल्या घरी ठेवायचं. "आणि एकदा आली की मागचं मागं. त्या घरची सावली पण नको. मेल्या माणसाचा जीव घुटमळतो."

"सोनंनाणं ठेवीन. पण माझ्या घरातून मागल्या दारानं कुत्री जातात आणि चोर जातात," मी म्हटलं. "ती दिवसाउजेडी जाईल, पुढल्या दारानं, गाव बघंल असं."

सोनुबाई फटकळपणात माझ्याच गोत्रातली. म्हणाली, "पुढल्या दाराला भुई कुठं हाय, येसूबाय? उडी मारून येईल का?"

"भुई होईल. नवशा, उद्या फळ्या धाड."

असं ते ठरलं. जी पडवी मी जयाचा पाय मोडू नये म्हणून करत होते, ती आता तिला जायला करायची.

फळ्या आल्या. सागाच्या नव्हत्या, ऐनाच्या होत्या, आणि वीतभर रुंद. ज्यावर बसून जेवता येईल अशी एकही नाही. नागू रंधा मारायचा, मी खालच्या बाजूला डांबर फासायची, जया खिळे हातात द्यायची. ती गाणं गुणगुणत होती. गजा गेल्यापासून तिचा गाण्याचा आवाज मी ऐकला नव्हता. चांगला होता. मध्येच थांबून म्हणायची, "आत्याबाय, लावणीला तुमी कुणाला घ्याल?"

"गावात बायका मेल्या का सगळ्या?"

"आणि रात्री तुमाला खोकला येतो तेव्हा?"

"तू काय माझ्या बदली खोकत होतीस? डांबर सांडलंस बघ."

ती हसायची आणि लगेच डोळे पुसायची. मला वाटायचं, आता बोलेल, नाही जात मी. मी तेच ऐकायला कान लावून बसायची, आणि ते तिनं बोलू नये म्हणून आणखी टोचून बोलायची.

एकदा ती पाण्याला गेली असताना नागूनं रंधा खाली ठेवला.

"काकी, अजून येळ गेली नाय. निरोपात घोळ झाला म्हणून सांगा. त्यात खोटं काय नाय."

"आणि सांगितलं तर काय होईल?"

"ती ऱ्हाईल."

"ऱ्हाईल ना? मला ठाऊक हाय. एक शब्द न बोलता ऱ्हाईल. हंडा उचलंल, भाकऱ्या थापील, माझं डोकं चेपंल. मी मरेपर्यंत ऱ्हाईल. आणि मी मेल्यावर ती चाळीस वर्षांची, रिकाम्या घरात." मी डांबराचा कुंचला डब्यात खुपसला. "म्हणून सांगायचं नाय. तू पण कुठं बोललास तर तुझ्या रंध्यानं तुझी जीभ तासीन."

पुढची फळी नागूनं घेतली, खिळा धरला आणि पहिलाच घाव बोटावर मारला. एवढ्या वर्षांत मी त्याचा हात चुकलेला पाहिला नव्हता.

आठवड्याच्या आत पडवी झाली. जायच्या दिवशी सकाळी जयानं गळ्यातली सोन्याची माळ आणि गजानं केलेल्या पाटल्या काढून माझ्या पुढ्यात ठेवल्या. रीतच ती. पाटल्या निघेनात. तिचे हात कामानं रुंद झाले होते. साबण लावून मीच काढल्या. लग्नात घातल्याही मीच होत्या. तेव्हा ती ओरडली होती, आज ओरडली नाही.

गाव जमलं होतं. कुणी भल्यासाठी, बाकीचे तमाशाला. शेजारची कमळाबाई म्हणाली, "येसू, उजेडी काढतेस होय गं सुनंला?"

"काढत नाय, धाडते. लेक धाडायची असती तर काय रात्री धाडली असती?"

जया उंबऱ्यातून बाहेर आली. हिरवं लुगडं. नव्या फळ्यांवर पाय ठेवताना क्षणभर थांबली. पडल्याची आठवण असेल. मग चालली. मध्यावर वळून माझ्या पाया पडली. तिच्या डोक्यावर हात ठेवायचा असतो. मी ठेवला. पुष्कळ बोलायचं होतं, पण आयुष्यभर ज्या तोंडानं बोलले त्यातून दुसरं काही येईना.

"सासूसमोर तोंड चालवू नको," मी म्हटलं. "माझ्यासमोर चाललं, तिच्यासमोर नाय चालणार. आणि भाकरी करपवतेस तेवढी बघ. जा आता, बैल ताटकळलेत."

"तुमी याल ना मला बघायला?"

"मला काय कामं नायत?"

ती गाडीत बसली. नदीच्या वळणापर्यंत गोंडे दिसत होते. गाव पांगलं. मी आत आले आणि चुलीवर दूध उतू गेलं होतं ते पुसलं.

त्यानंतर खबर मिळायची ती रमजानभाईकडून. विठू बरा होता. पहिलं पोर मात्र पोटातच गेलं. सोनुबाई म्हणाली, हिचं चित्त मागच्या घरात अडकलंय, सारखी आत्याबाय आत्याबाय करते, म्हणून मेल्याची सावली पडली. जयाला माझं नाव काढायची बंदी झाली. रमजानभाईनं हे सांगताना मासळीच्या टोपलीत हात घालून ठेवला होता, वर बघितलं नाही. नंतर एकदा सांगितलं, पुन्हा दिवस गेलेत.

त्या साली गणपतीआधी कमळाबाईबरोबर मी शिळफाट्याच्या बाजाराला गेले होते. मी मिरच्या बघत होते. समोरून सोनुबाई येत होती आणि तिच्या मागं जया. सातवा-आठवा महिना असावा. चेहरा भरला होता, चालताना हात कमरेवर. मला बघितलं आणि तिला कसलंच भान राहिलं नाही.

"आत्याबाय!"

अख्ख्या बाजारात हाक गेली. ती माणसं सारत माझ्याकडं येऊ लागली. सोनुबाई जागच्या जागी उभी राहिली, पोटाकडं बघत, आणि तिच्या तोंडावरचं भय मला दिसलं. ते खोटं नव्हतं. दोन नातवंडं गेलेल्या बाईचं भय होतं. हे पोर धड झालं नाही तर ती कुणाला बोल लावील आणि कुणाला रोज ऐकवील, हे मला उन्हासारखं स्वच्छ दिसलं.

जया अगदी जवळ आली. हात पुढं केला.

"कोण गं तू?" मी म्हटलं. "मी नाय वळखलं."

ती हसली. तिला वाटलं, माझं नेहमीचंच.

"आत्याबाय, मी जया."

"कोण जया? वाट सोड बाय, मला मिरच्या घ्यायच्यात."

तिचं हसू हळूहळू गेलं. एकदम गेलं असतं तर बरं झालं असतं. मी मिरच्यांच्या ढिगात हात घातला आणि एकेक मोडून बघू लागले. मागं बराच वेळ कुणी हललं नाही. मग सोनुबाईचा आवाज आला, अगदी मऊ, "चल पोरी, उन्हात उभं ऱ्हाऊ नये," आणि पावलं लांब गेली.

कमळाबाई पलीकडं कांदे निवडत होती. तिला नीट दिसलं नव्हतं. म्हणाली, "कोण गं ती? तुला हाक मारत होती ना?"

"सोनुबायची सून," मी म्हटलं.

मिरचीवाल्यानं पिशवी भरून दिली. हलकीच होती, तरी स्टेशनापर्यंत मला ती दोनदा खाली ठेवावी लागली.